मेल्या म्हशीला मणभर दूध

गेल्या पावसाळ्यात एका चित्रपट-रसग्रहण शिबिरात ‘ग्रीड’ दाखवला. एरिक फॉन स्ट्रोहाइमचा १९२४ सालचा अमेरिकी मूकपट. प्रास्ताविक करणाऱ्या वक्त्यांनी पाऊण तास घेतला आणि त्या पाऊण तासात पडद्यावर जे दिसणार होतं त्यावर पाच मिनिटंही खर्च केली नाहीत. बोलले ते जे दिसणार नव्हतं त्याविषयी. मूळ चित्रपट ४२ रिळांचा, आठ-नऊ तासांचा होता. दिग्दर्शकानं कादंबरी पानन्‌पान पडद्यावर उतरवली होती. मग कंपनीनं कात्री चालवली, कापलेलं कायमचं नष्ट झालं, आणि आता आपण बघणार आहोत ते एका महाकाव्याचं कलेवर. ‘कलेवर’ हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. शेवटी जड अंतःकरणानं दिवे घालवायला सांगितलं.

व्हायचं तेच झालं. माझ्या पुढच्या रांगेतली दोन पोरं दर दहा मिनिटांनी एकमेकांच्या कानाला लागत होती, “इथं कापलंय बघ.” पडद्यावर लग्न लागत होतं, नवरानवरीच्या मागच्या खिडकीतून खाली रस्त्यावर प्रेतयात्रा चाललेली दिसत होती, आणि ही पोरं कापलेलं शोधत होती. चहाच्या वेळी जो तो हळहळत होता. नुकत्याच बघितलेल्या सव्वादोन तासांविषयी एकाच्याही तोंडून धड वाक्य निघालं नाही.

वक्त्यांवर माझा राग नाही. ते जे बोलले ते गेली कित्येक दशकं पुस्तकांतून छापलं जातंय, आणि त्यांनी ती पुस्तकं मन लावून वाचलेली दिसली. माझं भांडण त्या कहाणीशी आहे. तिचे दोन भाग आहेत. एक : स्ट्रोहाइम हा कादंबरीचा असा भक्त, की त्यानं एक स्वल्पविरामही सोडला नाही. दोन : उरलेला ‘ग्रीड’ म्हणजे अवशेष. पहिल्या भागामुळे स्ट्रोहाइम नकलनवीस ठरतो. दुसऱ्यामुळे समोरचा चित्रपट बघण्याच्या जबाबदारीतून आपण सुटतो. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत, आणि खोट्या आहेत हे कळायला पडद्याकडे नीट बघण्यापलीकडे फारसं काही लागत नाही.

आधी कादंबरी. फ्रँक नॉरिसची ‘मॅक्टीग’ १८९९ साली आली. सॅन फ्रान्सिस्कोत १८९३ साली एका नवऱ्यानं बायकोचा खून केला होता. ती एका बालवाडीत साफसफाईचं काम करायची आणि खून तिथंच झाला. वर्तमानपत्रांत गाजलेल्या त्या प्रकरणावर नॉरिसनं कादंबरी उभी केली. तो झोलाचा चेला, त्यामुळे माणूस रक्तानं आणि परिस्थितीनं कसा घडतो-बिघडतो हे दाखवण्याचा सोस त्याला पुष्कळ. खाणीत वाढलेला, हत्तीसारखा आडदांड आणि डोक्यानं मंद मॅक्टीग एका फिरत्या दंतवैद्याबरोबर राहून दात उपटायला शिकतो आणि शहरात दवाखाना थाटतो. त्याचा दोस्त मार्कस आपल्या नात्यातली ट्रिना त्याच्याकडे दात दाखवायला आणतो. मार्कसचं स्वतःचंच तिच्यावर मन. पण दोस्तीखातर तो बाजूला होतो. तेवढ्यात ट्रिनाला ५,००० डॉलरची लॉटरी लागते, आणि तिथून तिघांनाही कीड लागते. ट्रिना पैशाला हात लावू देत नाही, मार्कसला आपण काय घालवलं याचा जाळ पेटतो, आणि मॅक्टीगचा धंदा पदवी नसल्याच्या तक्रारीवरून बंद पडतो. पुढं बोटं चावणं, खून, पळ, आणि डेथ व्हॅलीच्या वाळवंटात दोघा दोस्तांची शेवटची झुंज.

आता ‘पानन्‌पान’ची गोष्ट. कादंबरी उघडते ती रविवारच्या दुपारी, मॅक्टीग नेहमीच्या खानावळीत जेवतोय तिथं. तो खाणीत वाढला, आईनं त्याला धंद्याला लावलं, हे नॉरिस मागे वळून काही ओळींत उरकतो. स्ट्रोहाइमनं त्या काही ओळींतून केवढं उभं केलं ते जोनाथन रोझेनबॉम या अमेरिकी समीक्षकानं पटकथा आणि कादंबरी शेजारी ठेवून दाखवलं आहे : छापलेल्या पटकथेचा जवळजवळ पाचवा हिस्सा कादंबरीच्या पहिल्या वाक्याच्या आधी घडतो. पुस्तकाचं पहिलं पान उलटण्याआधीच ज्याचा एक पंचमांश चित्रपट होऊन जातो, त्याला पुस्तकाचा गुलाम म्हणायचं तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

हे समजायला पटकथाही लागत नाही. उरलेल्या चित्रपटाची सुरुवात बघा. खाणीतून ढकलगाडी ढकलत आलेल्या मॅक्टीगला रुळांजवळ एक जखमी पाखरू दिसतं. तो ते दोन्ही तळव्यांत घेतो, ओठांना लावतो. शेजारचा एक खाणकामगार ते हातातून उडवून देतो, आणि दुसऱ्या क्षणाला मॅक्टीग त्या माणसाला उचलून पुलावरून खाली दरीत फेकतो. माया आणि खून यांच्यामध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. पुढच्या सव्वादोन तासांत हा माणूस जे जे करणार आहे ते सगळं या एका मिनिटात आहे. हे पाखरू नॉरिसच्या पानांवर कुठंच नाही. नॉरिसनं मॅक्टीगला एक पिंजऱ्यातला कॅनरी दिला आहे, तो खराच. स्ट्रोहाइमनं त्या कॅनरीला एक पूर्वज शोधून दिला.

लग्नप्रसंगातली प्रेतयात्राही स्ट्रोहाइमचीच. काळही त्यानं बदलला : नॉरिसची माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली, स्ट्रोहाइमनं कथा १९०८ पासून सुरू करून स्वतःच्या काळापर्यंत आणून सोडली. आणि शेवट? कादंबरीत मॅक्टीग मेलेल्या मार्कसच्या हाताला बेडीनं जखडलेला, भोवती नुसतं वाळवंट, आणि कॅनरी आपल्या सोनेरी पिंजऱ्यातच क्षीण आवाज करत राहतो. नॉरिस तिथं थांबतो आणि ते थांबणं जबर आहे. स्ट्रोहाइम मात्र पिंजरा उघडायला लावतो. मॅक्टीग पाखरू हातात घेतो, त्याला ओठ लावतो, सोडतो, आणि ते उडून जाण्याऐवजी खालीच पडतं. पहिल्या रिळातल्या पाखराची ती परतफेड आहे. कादंबरीत पहिलं पाखरू नाही, म्हणून तिथं ही परतफेडही असू शकत नाही. ही नक्कल असेल तर अशी नक्कल करणारे आपल्याकडे थोडे जास्त हवे होते, असं मी म्हणेन. कादंबरीवरून चित्रपट करताना आपले दिग्दर्शक ‘मूळ कलाकृतीशी प्रामाणिक राहिलो’ असं सांगतात तेव्हा त्यांना नेमकं काय टाळायचं असतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

मग ही ‘पानन्‌पान’ची अफवा आली कुठून? तिला बळ दिलं खुद्द स्ट्रोहाइमनं. व्हिएन्नातल्या टोप्या बनवणाऱ्या ज्यू बापाच्या पोटी जन्मून अमेरिकेत सरदारपुत्र म्हणून मिरवलेला हा माणूस; स्वतःविषयी कहाण्या रचण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ‘मी लेखकाशी इमान राखलं, धंदेवाल्यांनी लेखकाचा खून केला’ ही कहाणी त्याला सोयीची होती. कंपनीवाल्यांनाही सोयीची होती : हा वेडा पुस्तकातलं पान न् पान छापत सुटला, आम्ही नाइलाजानं कापलं. एकाच गैरसमजावर फिर्यादी आणि आरोपी दोघंही खूष, अशी भांडणं दीर्घायुषी असतात.

आता कात्री. या कहाणीचा खलनायक ठरलेला आहे : निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्ग. थालबर्गनं १९२२ मध्ये युनिव्हर्सलमध्ये असताना ‘मेरी-गो-राउंड’च्या मध्यावर स्ट्रोहाइमला काढून टाकलं होतं, त्यामुळे दुष्मनीची पार्श्वभूमी आयतीच. स्ट्रोहाइम मग गोल्डविन कंपनीकडे गेला, तिथं ‘ग्रीड’ केला, आणि एप्रिल १९२४ मध्ये गोल्डविन, मेट्रो आणि मेयर या कंपन्या एकत्र होऊन एमजीएम झाली तेव्हा चित्रपट पुन्हा थालबर्गच्याच टेबलावर येऊन पडला. नाटकात शोभावा असा योगायोग. पण जमाखर्च बघू या. गोल्डविनशी स्ट्रोहाइमनं केलेल्या करारात प्रत्येक चित्रपटाची लांबी ४,५०० ते ८,५०० फूट, खर्च १,७५,००० डॉलरच्या आत आणि मुदत १४ आठवडे असं ठरलेलं होतं. चित्रण चाललं १९८ दिवस. फिल्म खर्ची पडली ४,४६,१०३ फूट. खर्च साडेपाच लाखांच्या घरात. आणि एमजीएमनं शेवटी प्रदर्शित केलेली प्रत? १० रिळं, सुमारे दहा हजार फूट. म्हणजे ज्या प्रतीला आपण ‘निर्घृणपणे छाटलेली’ म्हणतो ती करारातल्या कमाल मर्यादेपेक्षा दीड हजार फुटांनी लांबच होती.

शिवाय कात्री पहिल्यांदा उचलली ती थालबर्गनं नव्हे. जानेवारी १९२४ मध्ये ४२ रिळांची प्रत जेमतेम डझनभर लोकांनी, एका दिवसात, बसून बघितली. मग स्ट्रोहाइमनं स्वतःच ती २४ रिळांपर्यंत आणली. याहून कमी करणं मला जमत नाही म्हणून त्यानं ती दोस्ताकडे, रेक्स इंग्रमकडे, दिली. इंग्रमच्या संकलकानं ती १८ रिळांपर्यंत उतरवली. निम्म्याहून जास्त काटछाट मित्रांच्या घरातच झाली होती. १८ वरून १० वर मात्र कंपनीनं आणली, जोसेफ फार्नम या मथळेकाराच्या, म्हणजे मूकपटातली लिखित वाक्यं रचणाऱ्याच्या, हातून, आणि त्या टप्प्याविषयी मला कंपनीची वकिली करायची नाही. फार्नमचे काही मथळे असे आहेत की पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा शब्दांत, वर थोडा उपदेश. याच फार्नमला पुढं पहिल्यावहिल्या ऑस्करमध्ये मथळेलेखनाचं पारितोषिक मिळालं, आणि ते पारितोषिक त्या एका वर्षानंतर पुन्हा कधी कुणाला दिलं गेलं नाही. बोलपट आले, एवढंच त्याचं कारण; पण मला ते शुभचिन्ह वाटतं.

आठ तास कोण बसणार, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमायचं नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं रात्री सुरू झालेली संगीत नाटकं पहाटेपर्यंत बघितली, वन्स मोअर घेऊन घेऊन बघितली. स्ट्रोहाइमच्या मनात दोन भाग करून, मध्ये जेवणाची सुट्टी ठेवून दाखवायचं होतं. दाखवलं असतं तर कदाचित लोक बसलेही असते. माझं म्हणणं वेगळं आहे. ही एका साधूची आणि एका कसायाची गोष्ट नाही. दोन्ही बाजूंना सही केलेले कागद आहेत, आणि ज्याचा खून झाला असं आपण म्हणतो तो दिग्दर्शक पुढच्याच वर्षी त्याच कंपनीसाठी ‘द मेरी विडो’ करत होता, आणि तो तुफान चालला.

आता मुख्य मुद्दा : उरलं ते काय आहे?

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांची मतं घेऊन सर्वोत्तम चित्रपटांची यादी काढतं. १९५२ च्या पहिल्या यादीत ‘ग्रीड’ पहिल्या दहांत होता. १९६२ मध्ये तो आणखी वर, चौथ्या जागेपर्यंत, चढला. या लोकांनी मत दिलं ते कशाला? त्यांच्यासमोर १० रिळांचीच प्रत होती. ‘कलेवर’ म्हणून दाखवायच्या त्याच वस्तूला जगातले सगळ्यांत खडूस प्रेक्षक जिवंतांच्या पंक्तीत पहिल्या पाटावर बसवत होते. यावर कुणी म्हणेल, त्यांनीही दंतकथेलाच मत दिलं. काहींनी दिलंही असेल. म्हणूनच यादी बाजूला ठेवतो आणि एक प्रसंग घेतो.

मॅक्टीगची नोकरी सुटली आहे. घरी येतो तर ट्रिना हातातली मजुरी काढून घेते आणि लगेच दुसरं काम शोधायला पिटाळते. आभाळ भरून आलंय. तो गाडीभाड्यासाठी पाच सेंट मागतो. पाच सेंट! तिच्या नावावर पाच हजार डॉलर आहेत. ती देत नाही. तुझ्यासारख्या धट्ट्याकट्ट्याला चालायला काय झालं, असा तिचा भाव. तो चालत जातो, पावसात भिजून चिंब होतो, ओळखीचे लोक त्याला दारूच्या गुत्त्यात ओढतात, आणि ज्यानं इतके दिवस व्हिस्कीला हात लावला नव्हता तो त्या संध्याकाळी पितो. पुढचं सगळं, चावलेली बोटं, खून, वाळवंट, त्या न दिलेल्या नाण्यातून निघतं. या प्रसंगात ट्रिना झालेल्या झासू पिट्सकडे बघा. ती तोपर्यंत विनोदी भूमिकांत दिसलेली नटी. तिचे हात कधी स्थिर नसतात. बोटं बोटांत अडकवते, सोडवते, पदर नसतानाही पदराशी चाळा केल्यासारखी स्वतःच्या कपड्यांना चिमटे काढते. ओठांवर बोट आणि डोळ्यांत हिशोब. पुढं ती नाणी घासून लखलखीत करते, पलंगावर ओतते आणि त्यांच्यात अंग टाकते, तेव्हा ते हात अखेर शांत होतात. चाळीस रिळं सापडली तरी या हातांत काही भर पडायची नाही.

आणि खोल्या. स्ट्रोहाइमनं सेट उभारले नाहीत. कादंबरीतला पोक स्ट्रीट १९०६ च्या भूकंपानंतर जुना राहिला नव्हता, म्हणून त्यानं सॅन फ्रान्सिस्कोतच हेज आणि लागूना रस्त्यांच्या कोपऱ्यावरची इमारत घेतली आणि खऱ्या खोल्यांत, खऱ्या खिडक्यांपाशी चित्रण केलं. विल्यम डॅनियल्स आणि बेन रेनल्ड्स हे छायाचित्रकार आतल्या माणसांना आणि खिडकीबाहेरच्या रस्त्याला एकाच चौकटीत, दोन्ही स्पष्ट दिसतील असं पकडतात. त्या काळची फिल्म आणि दिवे लक्षात घेतले तर हे सोपं काम नव्हतं. पुढच्या रांगेतल्या त्या पोरांनी घालवलेला क्षण नेमका हाच : जवळ पाद्री आणि नवरानवरी, मागे काच, काचेपलीकडे खाली शवपेटी वाहून नेणारी माणसं, आणि रस्ता नेहमीसारखा चालू. कुणी आतून बाहेर बघत नाही, बाहेरून आत बघत नाही. मथळा नाही, जवळचं दृश्य नाही. ज्याला दिसलं त्याला दिसलं. पुढं सतरा वर्षांनी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी पडद्याची खोली वापरली तेव्हा केवढा गाजावाजा झाला.

शेवटचं वाळवंटही खरंच. कंपनीनं सुचवलं होतं की लॉस एंजेलिसजवळ ऑक्सनर्डला वाळूच्या टेकड्या आहेत, तिथं उरकून घ्या. स्ट्रोहाइम सगळ्यांना घेऊन भर उन्हाळ्यात, ऑगस्ट १९२३ मध्ये, डेथ व्हॅलीत गेला. माणसं आजारी पडली. मार्कसचं काम करणाऱ्या जीन हर्शोल्टला तिथून आल्यावर इस्पितळात ठेवावं लागलं. हा अतिरेक होता आणि मी त्याचं कौतुक करणार नाही. नटाला उन्हानं भाजून काढणं म्हणजे दिग्दर्शन नव्हे. पण पडद्यावर ती भेगाळलेली पांढरी जमीन आणि त्यावर दोन माणसांचे मुडद्यासारखे सोललेले चेहरे दिसतात तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडते, हेही खरं.

जे तोकडं आहे ते तोकडं म्हणतो. ट्रिनाचा कंजूषपणा उरलेल्या प्रतीत फार झटकन वाढतो. एका मथळ्यात काही महिने सरतात आणि गोड पोरगी कजाग बाई झालेली असते. मार्कसचं जळणं आधी चांगलं उभं राहतं, मग मध्येच नाहीसं होतं. शेजारच्या खोल्यांत राहणारे दोन म्हातारे, ग्रॅनिस आणि मिस बेकर, पातळ भिंतीच्या दोन बाजूंना बसून वर्षानुवर्षं एकमेकांच्या हालचाली ऐकतात, तिनं चहा केला की तो आपलं काम त्याच वेळी काढतो. त्यांची ती हळवी गोष्ट जवळजवळ सगळी गेली. तिची मला खरी खंत आहे, कारण एवढ्या अंधारात तेवढाच एक दिवा होता. आणि उरलेल्या प्रतीत जे नसतं तर बरं झालं असतं तेही सांगतो : सोन्याला कवटाळणारे ते लांबलचक हडकुळे हात. ट्रिनाच्या बोटांनी जे आधीच सांगितलंय तेच हे हात ओरडून सांगतात. ही कल्पना फार्नमची नव्हे, स्ट्रोहाइमची. कात्री तिथंही थोडी चालायला हवी होती.

१९५० साली पॅरिसच्या सिनेमातेकमध्ये म्हाताऱ्या स्ट्रोहाइमला हा चित्रपट दाखवला, तेव्हा कबर उकरून हाडं बघितल्यासारखं वाटलं असं तो म्हणाला. वक्त्यांचं ‘कलेवर’ बहुधा तिथलंच. बापाला तसं वाटणारच. त्याच्या डोक्यात ४२ रिळं चालू होती. प्रत्येक सांध्यावर त्याला काय होतं ते आठवत होतं. आपल्याला ते आठवत नाही, कारण आपण ते बघितलेलंच नाही. त्याचं दुःख खरं होतं. आपलं उसनं आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण ती म्हण निदान त्या घरातल्या लोकांसाठी आहे ज्यांनी म्हशीचं दूध चाखलं होतं.

आणि गमावणं म्हणजे काय हे मराठी माणसाला अमेरिकेकडून शिकायला नको. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांतली दोन पुण्याच्या संग्रहालयात उरली आहेत, आणि त्या दोन रिळांकडे कुणी कलेवर म्हणून बघत नाही, लोक ती कौतुकानं, बारकाईनं बघतात. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ तर ‘ग्रीड’चा समवयस्क. नारायण हरी आपट्यांची कथा, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम, आणि विषय पैशाच्या लोभानं माणसाचं घर कसं बुडतं हाच. त्यातली अंधारी झोपडी आणि रडणारं कुत्रं आपल्याला ठाऊक आहे ते जे. बी. एच. वाडियांसारख्यांनी आठवण सांगून ठेवली म्हणून. त्या मूकपटाची फूटभर फिल्मही कुणाकडे नाही. छाती पिटायचीच असेल तर पेंटरांचं कोल्हापूर जवळ आहे. ज्याची दहा रिळं धडधाकट आहेत त्याच्या नावानं सुतक कशाला?

१९९९ मध्ये रिक श्मिडलिन यांनी टर्नर क्लासिक मूव्हीजसाठी ‘ग्रीड’ची चार तासांची आवृत्ती जुळवली. गेलेल्या प्रसंगांची स्थिरचित्रं शेकड्यांनी उरली होती. पटकथेच्या आधारानं ती मधेमधे बसवली. काम मेहनतीचं आहे, अभ्यासाला अमोल आहे, आणि मी ती दोनदा बघितली आहे. पण स्थिरचित्र आलं की लय मोडते, मॅक्टीगचा हात वर उचललेला तसाच थिजतो, आणि चित्रपटाचं चित्रप्रदर्शन होतं. शिबिरांतून आता हीच आधी दाखवायची टूम निघाली आहे. पोरांनी आधी १० रिळं बघू देत, प्रास्ताविकाशिवाय. मग हवं तर चार तासांची.

कापलेल्या भागातल्या एका कथानकाचं मात्र मला राहून राहून नवल वाटतं. त्याविषयी हळहळणारे लोक ते नीट वाचत नाहीत की काय, अशी शंका येते. कादंबरीतल्या त्याच चाळवजा इमारतीत मारिया नावाची कामवाली आहे. प्रदर्शित प्रतीत ती फक्त लॉटरीचं तिकीट विकून जाते. कादंबरीत तिच्याजवळ एक गोष्ट आहे : लहानपणी आमच्या घरी सोन्याच्या भांड्यांचा संच होता, शंभराहून जास्त नग, सगळे लखलखीत. भंगारवाला झर्कोव्ह ती गोष्ट ऐकून वेडा होतो. हे पात्र नॉरिसनं लालभडक केसांचा पोलिश ज्यू म्हणून, त्या काळातल्या सगळ्या घाणेरड्या पूर्वग्रहांसकट रंगवलं आहे, आणि आपलं ज्यू असणं जन्मभर लपवलेल्या स्ट्रोहाइमनं ते पडद्यावर आणायला घेतलं होतं. सेझारे ग्रॅव्हिनानं केलेली ती अख्खी भूमिका कापली गेली. ‘सगळं परत मिळायला हवं होतं’ म्हणणाऱ्यांच्या यादीत हेही येतं, याची त्यांनी नोंद घ्यावी.

पण गोष्ट ऐका. झर्कोव्ह मारियाला ती भांडी पुन्हा पुन्हा वर्णन करायला लावतो. एकेक थाळी, एकेक वाडगा. ऐकायला रोज मिळावं म्हणून तिच्याशी लग्न करतो. पुढं तिला मूल होतं, ते दगावतं, आणि त्या आजारपणात मारिया ती गोष्ट साफ विसरते. अशी भांडी कधी होती हेच तिला आठवत नाही. त्याला वाटतं ही लपवते आहे. तो जमीन खणतो, भिंती ठोकून बघतो, आणि शेवटी तिचा गळा चिरतो. नंतर तो खाडीत बुडालेला सापडतो. दोन्ही हातांनी कवटाळलेलं एक पोतं असतं, आणि पोत्यात जुन्या पत्र्याच्या थाळ्या, डबे, लोखंडी सुऱ्या-काटे, शंभरेक नग, सगळे गंजलेले.